दुखायच्या आधी यावं म्हणून

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा असतो. बसल्याबसल्या तो माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "मॅडम, झीज झालीय." कुणी म्हणतं मणक्यात गॅप आलाय, कुणी म्हणतं नस दबलीय. हे शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी नाशिकमध्ये गेली सोळा वर्षं बघतेय. निकाल लागला, आता अपील नाही, असा तो भाव असतो. पुढचं वाक्यही ठरलेलं: "म्हणून आता जिना बंद केलाय, खाली बसणं बंद केलंय, चालणंसुद्धा कमीच."

मला या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचंय. झिजेनं माणूस जेवढा अधू होतो त्याहून कितीतरी जास्त तो त्या धसक्यानं बंद केलेल्या गोष्टींमुळे होतो, असं माझं ठाम मत झालंय.

आधी झिजेचंच घेऊ. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचा एकत्रित अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या मंडळींपैकी 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गादीसारख्या चकत्यांमध्ये झीज दिसली. पन्नाशीत 80 टक्के, ऐंशीच्या घरात 96 टक्के. पुन्हा सांगते, यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. केस पिकतात तशीच बरीचशी झीज वयाबरोबर येते. रिपोर्टमध्ये झीज लिहिली आहे आणि पाठही दुखतेय, तेव्हा झिजेमुळेच पाठ दुखतेय असं दर वेळी नसतं. मग दुखतं कशामुळे? बऱ्याचदा उत्तर असं सापडतं की शरीराकडून जेवढं काम घेतलं जातंय तेवढी ताकद त्याच्यात शिल्लक राहिलेली नाही.

हे नीट समजायला सांध्याचं पोट कसं भरतं ते बघावं लागेल. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत पांढरा थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. शरीराच्या बाकी भागांना रक्तातून थेट अन्न मिळतं, कूर्चेला तसं मिळत नाही. ती जगते सांध्यातल्या चिकट द्रवावर. भांडी घासायचा स्पंज पाण्यात दाबून सोडला की तो पाणी पितो ना, तसंच. पाऊल टाकलं की गुडघ्यातली कूर्चा दाबली जाते, पाऊल उचललं की ती फुगते आणि द्रव आत ओढून घेते. लोक मला विचारतात, "मॅडम, वंगण संपलंय का?" त्या वंगणाचा कारखाना सांध्याच्या आतल्या अस्तरातच असतो आणि ते सगळीकडे पसरतं हालचालीमुळे. गुडघा जपायचा म्हणून हलवायचाच नाही ठरवलं तर कूर्चेच्या ताटातलं अन्न आपणच काढून घेतो.

मणक्यांमधल्या चकत्यांचंही असंच. दिवसभर उभं राहून, बसून त्यांच्यातलं पाणी थोडं थोडं बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. घरी भिंतीवर पेन्सिलची खूण करून बघा, मुलांना फार मजा वाटते. पण याची दुसरी बाजू आहे. सकाळी उठल्याउठल्या या चकत्या पाण्यानं टम्म फुगलेल्या असतात आणि तेव्हा खोल वाकलं तर त्यांच्यावर इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. नळाला पहाटे पाणी येतं, पिंप भरायचं असतं, आणि झोपेतून उठलेली बाई थेट वाकून भरलेली बादली उचलते. उसण भरल्याच्या कितीतरी कहाण्या इथून सुरू होतात. उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास खोल वाकणं टाळायचं, थोडं घरातल्या घरात चालायचं, आणि पाणी भरायचंच असेल तर बादली अर्धी भरून दोन खेपा करायच्या. एवढ्यानंही फरक पडतो.

आता स्नायूंकडे येते, कारण सगळं गणित शेवटी तिथे येऊन थांबतं. नाशिककरांना हे गंगापूर धरणाच्या भाषेत पटकन कळतं. मे महिन्यात आपण रोज पेपरात बघतो, धरणात किती टक्के साठा उरलाय. शहराची गरज रोज साधारण तेवढीच असते; साठा भरपूर असेल तर कुणाला काही कळतही नाही आणि तळाला गेला की कपात सुरू. शरीरात हा साठा म्हणजे स्नायूंची ताकद. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो. जिना मात्र तेवढाच उंच राहतो आणि गॅस सिलिंडरही तेवढाच जड. पंचविसाव्या वर्षी जिना चढायला पायांची थोडीशीच ताकद लागायची, पासष्टीला तोच जिना जवळपास सगळी ताकद मागतो. स्नायू दमले की भार सांध्यांवर आणि त्यांना बांधणाऱ्या दोऱ्यांवर पडतो, आणि तिथे ठणका लागतो.

"आराम करा" हा सल्ला म्हणूनच मला फार जपून द्यावासा वाटतो. साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना 10 दिवस बिछान्यात झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला, 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फक्त दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळजवळ 1 किलो स्नायू गेला. आजारी नव्हती ती माणसं, नुसती पडून होती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि माझ्या कामावरचा माझा विश्वास तिच्यावरच उभा आहे. 1990 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त लोकांना आठ आठवडे वजनं उचलायचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! त्यामुळे समोरच्या बासष्ट वर्षांच्या काकांनी "आता या वयात काय होणार" म्हटलं की मी त्यांना हा प्रयोग सांगते आणि खुर्चीतून उठायला लावते.

तर दुखण्याआधीची फिजिओथेरपी म्हणजे काय? आपल्याकडे फिजिओ म्हटलं की लोकांना शेक आणि मशीन आठवतं. पडद्याआड झोपायचं, कमरेला वायरी लावायच्या, वीस मिनिटांनी घरी. त्या मशीनचा दुखणं कमी करायला काही वेळा उपयोग होतो, पण धरण त्यानं भरत नाही. खरं काम असं: तुमच्या रोजच्या जगण्यात शरीराला काय काय करावं लागतं ते आधी विचारायचं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी तुमच्याकडे किती ताकद, किती लवचीकपणा, किती तोल शिल्लक आहे ते मोजायचं, आणि जिथे कमी पडतंय तिथे दुखायला लागण्याआधी भर घालायची.

रोजच्या जगण्यात म्हणताना मी मुद्दाम थांबते, कारण या एकाच जिल्ह्यात ते फार वेगवेगळं आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या मावशींचा दिवस सोफा, डायनिंग टेबल, कमोड, गाडी असा जातो. गेल्या पाच वर्षांत त्या जमिनीवर बसल्याच नाहीत. आमच्या आजी पाटावर जेवायच्या, जात्यापाशी, चुलीपाशी बसायच्या. खुबे, गुडघे, घोटे दिवसातून पंधरा-वीस वेळा पूर्ण वाकून सरळ व्हायचे. व्यायाम हा शब्द त्यांनी कधी वापरला नसेल. आज खुबा काटकोनाच्या पुढे वाकतच नाही आणि जो कोन वापरात नाही तो हळूहळू हातातून जातो. मग एके दिवशी सत्यनारायणाला बसायची वेळ येते आणि मावशी खुर्ची मागतात.

याच्या अगदी उलट लासलगाव-निफाडकडच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया. त्या दिवसाचे सात-आठ तास उकिडव्या बसलेल्या असतात. वर्षानुवर्षं इतका वेळ उकिडवं बसल्यानं गुडघ्याचा त्रास वाढतो हेही अभ्यासांतून दिसलंय. म्हणजे जमिनीवर बसणं चांगलं की वाईट, असा प्रश्नच अपुरा आहे. किती वेळ, किती सलग, आणि त्यासाठी शरीर तयार आहे का, हे विचारायला हवं. फ्लॅटमधल्या मावशींना मी दिवसातून दोन-तीनदा जमिनीवर बसून उठायला सांगते, आधी एखाद्या स्टुलाचा आधार घेऊन. खळ्यावरच्या ताईंना सांगते की घरून एखादा बुटका पाट न्या आणि दर अर्ध्या तासानं उठून चार पावलं टाका. ज्यांचा गुडघा सुजलेला आहे किंवा ज्यांचं सांधा बदलण्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी मात्र यातलं काही आपल्या मनानं करू नये.

"पळाल्यानं गुडघे जातात" हेही मी रोज ऐकते, तेही सावरपाड्याच्या कविता राऊतच्या जिल्ह्यात, जिनं 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावून ब्राँझ मिळवलं. 2017 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेनं पळणाऱ्यांपैकी 3.5 टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता, अजिबात न पळणाऱ्यांपैकी 10.2 टक्के लोकांना, आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांपैकी 13.3 टक्के लोकांना. म्हणजे बसून राहणाऱ्यांचे सांधे हौशी धावणाऱ्यांहून वाईट, आणि अतिरेक करणाऱ्यांचेही वाईट. अर्थात वजन जास्त असेल तर थेट पळायला लागू नका. शरीराचं 1 किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण 4 किलो भार हलका होतो, त्यामुळे चालण्यापासून सुरुवात करणंच शहाणपणाचं.

आता घरी करून बघा. पाठ टेकायची साधी खुर्ची भिंतीला लावून ठेवा, हात छातीवर घडी घाला आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला 12 आणि पुरुषाला 14 पेक्षा कमी जमत असेल तर पायांचा साठा तळाला चाललाय असं समजा. दुसरी चाचणी: स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एका पायावर उभं राहा, हाताचा आधार न घेता. दहा सेकंद जमायला हवेत. 2022 मध्ये ब्राझीलमधल्या 51 ते 75 वयाच्या 1,702 लोकांचा अभ्यास आला. ज्यांना हे दहा सेकंद जमले नाहीत त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. घाबरवायला सांगत नाहीये. तोल ही आतल्या बऱ्याच गोष्टींची एकत्र खूण आहे आणि सरावानं तो सुधारतो, म्हणून सांगतेय. पडणं रोखण्यावर झालेल्या प्रयोगांत व्यायामानं पडण्याचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशानं कमी झालेलं दिसलंय.

गंमत अशी की ही परीक्षा हाच व्यायाम आहे. खुर्चीतून उठणं-बसणं आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की छातीशी पाण्यानं भरलेली बाटली धरा, मग दोन, मग पाच किलो पिठाची पिशवी. शेवटचे दोन-तीन वेळा उठणं जड गेलं पाहिजे, नाहीतर स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. लोक इथेच चुकतात: वर्षभर तेच, तेवढंच, हात हलवल्यासारखं करत राहतात आणि म्हणतात, व्यायाम करून काही फरक नाही. चहाला उकळी येईपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या, सावकाश खाली सोडायच्या. पोटऱ्या मजबूत झाल्या की रस्त्यातल्या खड्ड्यात पाय मुरगळण्याची भीती कमी होते. भिंतीला हात टेकून छाती भिंतीकडे न्यायची आणि ढकलून मागे यायचं, हे खांद्यांसाठी.

आणि वाकायला नव्यानं शिकायचं. एक काठी पाठीला लावा, ती डोक्याच्या मागे, दोन फऱ्यांच्या मधे आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली असू द्या. आता काठी कुठेही न सुटू देता, गुडघे किंचित वाकवून, बसायला मागे खुर्ची शोधतोय अशा रीतीनं ढुंगण मागे न्या. वाकणं खुब्यातून झालं की मांडीच्या मागच्या मोठ्या स्नायूंनी काम उचललं. अंबडच्या कारखान्यात माल चढवणाऱ्या एका मुलाला हे एवढंच शिकायला तीन आठवडे लागले, पण मग त्यानं कमरेचा पट्टा स्वतःहून सोडला. पट्ट्याबद्दल विचारलंच जातं, तर सांगते: पाठदुखी टाळण्याच्या उपायांचा एक आढावा 2016 मध्ये आला. व्यायाम आणि त्याबरोबर नीट समजावून सांगणं, या जोडीनं पुढच्या वर्षभरात पाठदुखी होण्याची शक्यता सुमारे 45 टक्क्यांनी कमी झाली. पट्ट्यानं आणि बुटात घालायच्या खास तळव्यांनी फायदा दिसला नाही.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर? दुखणं शून्य ते दहा असं मोजलं आणि ते तीन-चारच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्वीइतकं खाली आलं असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. त्याहून जास्त, किंवा दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल, तर फेरे कमी करा. एकदम बंद करू नका. पण काही खुणा अशा आहेत की तिथे माझ्याकडेही न येता थेट डॉक्टरांकडे जायचं: पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाय उचलला जाईना, ताप येतोय, कारण नसताना वजन घटतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली, किंवा छातीत दाटून डाव्या हाताकडे कळ जातेय. मधुमेह असेल आणि खांदा हळूहळू आखडायला लागला असेल तर तेही लवकर दाखवा, मधुमेहींमध्ये खांदा गोठण्याचं प्रमाण जास्त असतं.

शेवटी मला द्राक्षबागेत जायचंय, कारण दुखण्याआधी यावं म्हणजे काय ते मला तिथल्या बायांनी शिकवलं.

दिंडोरीकडच्या एक ताई उजव्या खांद्यासाठी आल्या. केस विंचरता येत नव्हते, ब्लाउजच्या बाहीत हात जात नव्हता. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू; सगळ्यात जास्त फिरणारा, म्हणून सगळ्यात अस्थिर. चार छोटे स्नायू त्या चेंडूला बशीत धरून ठेवतात. गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की पुढचे कित्येक आठवडे विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) आणि डिपिंग (घड औषधात बुडवणं). मंडपाच्या बागेत घड डोक्याच्या वर लटकतात, तिथे मान वर आणि हात वर ठेवून दिवसभर काम. हात सतत वर धरला की ताणलेल्या स्नायूला रक्त कमी मिळतं, ते चार स्नायू दमतात आणि चेंडू वर सरकून त्यांच्याच दोऱ्यांना घासायला लागतो. त्यात भर म्हणजे हे काम एकदम सुरू होतं. उन्हाळा-पावसाळा वेगळी कामं, आणि अचानक आठ-आठ तास हात वर. स्नायू काही आठवड्यांत ताकदवान होतो, पण त्याला हाडाशी बांधणारी दोरी तयार व्हायला त्याहून जास्त वेळ घेते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्यांची माझ्याकडे रांग लागते ती याच कारणानं. वर्षभर बसायचं आणि एका रात्रीत डोंगराला वळसा घालायचा. आषाढ लागताच रोज थोडं थोडं चालणं वाढवलं असतं तर बहुतेकांना यावंच लागलं नसतं.

ताईंचा खांदा सुटायला चार महिने गेले, त्या हंगामाची मजुरीही गेली. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी गणपती बसले की सुरू करा. एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, दोन हातांत. बाजूनं खांद्याइतक्या वर, मग डोक्यावर, दहा-दहा वेळा, एक दिवसाआड. भिंत ढकलणं त्याच्याबरोबर. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. आणि बागेत दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं हात खाली सोडून खांदे गोल फिरवायचे. मुकादम बोलेल, तर सांगायचं की हात दुखून उद्या खाडा होण्यापेक्षा हे बरं.

पुढच्या भाद्रपदात त्या आल्या तेव्हा मला वाटलं, पुन्हा दुखलं. त्यांच्याबरोबर टोळीतल्या आणखी दोघी होत्या. मी विचारलं, काय होतंय? तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. ताई म्हणाल्या, "काही नाही होत. ह्या दोघींना बाटल्यांचं दाखवा, आन् कुठं कमी पडतंय ते बघा." एकीचे खांदे अगदी छान होते. दुसरीला उजव्या पायावर दहा सेकंद उभं राहता येईना, सहाव्या सेकंदाला तिनं टेबल धरलं. आम्ही तिथून सुरुवात केली.